पांढऱ्या ताऱ्याची शिंगं

एक कल्पना करून बघा. तुम्ही मुळशीच्या धरणाच्या अलीकडच्या काठावर उभे आहात. पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी कुणाच्या तरी घराबाहेर दिवा लागलाय. इथून तो नुसता ठिपका दिसतो. घर दिसत नाही, दार दिसत नाही. त्या दिव्याभोवती एक किडा घिरट्या घालतोय. आता मला सांगा, पाण्यात न उतरता, इथेच उभं राहून तो किडा कसला आहे हे तुम्हाला ओळखता येईल का?

नाही म्हणालात ना? मीही नाहीच म्हणालो असतो.

बरं, आता तो दिवा आणखी लांब न्या. पार आकाशात न्या. इतका लांब, की आज तुमच्या डोळ्यात शिरणारा त्याचा उजेड निघाला तेव्हा आपल्या मावळातल्या किल्ल्यांचे बुरूजसुद्धा बांधायचे होते. तो दिवा म्हणजे एक तारा, आणि किडा म्हणजे त्याच्याभोवती फिरणारा ग्रह. असला किडा इथून ओळखू बघणारी माणसं जगात आहेत. वेडी नाहीत, चांगली शहाणी आहेत. त्यांच्यातलीच एक क्षितिजा.

क्षितिजाचं घर पौडच्या पुढे, मोठ्या रस्त्यापासून आत गेलेल्या एका वस्तीवर. घरात मेंढरं, शेळ्या आणि थोडी भातशेती. वडील म्हसू, आई तानूबाई. भाऊ दादासाहेब आणि वहिनी जांबे गावात कामाला. ती दोघं तिकडेच राहत. त्यांची मुलगी राजनंदिनी मात्र इथे आजी-आजोबांजवळ असे. ती सहावीत होती आणि सगळे तिला राजी म्हणत. क्षितिजा तिची आत्या. ती पुण्यात ताऱ्यांवर संशोधन करायची आणि सुट्टीला घरी यायची.

असाच एक रविवार होता. क्षितिजा पडवीत लॅपटॉप मांडून बसली होती. पडद्यावर एक लांब रेघ होती, खाली-वर होत गेलेली, आणि मध्येच एका जागी तिची दोन टोकं वर उठलेली.

राजी मागून येऊन वाकली. "आत्या, शेळी काढतीस व्हय?"

"कुठंय शेळी?"

"ही काय. शिंगं काढलीस, तोंड राहिलंय."

क्षितिजाला हसू आलं. आठवडाभर ती त्या दोन टोकांकडे बघत होती, पण शेळी काही तिला दिसली नव्हती. तिने राजीला शेजारी बसवून घेतलं.

"हा एका ताऱ्याचा उजेड आहे. शाळेत काचेच्या लोलकातून उजेड बघितलास ना? त्याचे रंग वेगवेगळे होतात. तसाच ताऱ्याचा उजेड पसरवायचा आणि कुठला रंग किती आहे ते मोजून रेघ काढायची. याला वर्णपट म्हणतात. प्रत्येक वायूची यात एक जागा ठरलेली असते. हायड्रोजनची इथं, ऑक्सिजनची इथं. कुणी दुसऱ्याच्या जागेवर बसत नाही."

"म्हणजे आमच्या वर्गासारखं न्हाई."

"अजिबात नाही. आणि हा तारा आहे ना, हा श्वेतबटू. सूर्यासारखा तारा म्हातारा झाला की आधी फुगतो, मग अंगावरचे थर उडवून देतो आणि मधला गाभा तेवढा उरतो. आकार आपल्या पृथ्वीएवढाच, पण त्यातलं चमचाभर उचलायला गेलीस तर भरलेल्या ट्रकाएवढं वजन. आत आता काही जळत नाही. नुसता तापलेला आहे आणि हळूहळू निवतोय."

"चुलीतल्या निखाऱ्यासारखा?"

"तस्साच."

"मग निखाऱ्याला शिंगं कशी फुटली?"

प्रश्न चांगला होता. मुलांनो, तुम्हीही मनात हाच विचारला असेल. क्षितिजाने जमिनीवर बोटाने एक गोल काढला.

"जत्रेतलं चक्र आठव. चक्र फिरताना एका बाजूचे घोडे आपल्याकडे येतात, दुसऱ्या बाजूचे लांब जातात. या ताऱ्याभोवती वायूचं एक कडं असंच फिरतंय. आपल्याकडे येणाऱ्या वायूचा उजेड निळ्याकडे सरकतो, लांब जाणाऱ्याचा तांबड्याकडे. म्हणून एकाच वायूचं एक टोक दिसायच्या ऐवजी दोन दिसतात."

"आन तो वायू आला कुठनं?"

"तेच तर. दगडधोंड्यांचा चुरा असता तर यात कॅल्शियम दिसलं असतं, लोखंड दिसलं असतं. ते नाही. आहे काय, तर हायड्रोजन, ऑक्सिजन आणि गंधक." क्षितिजाचा आवाज आपोआप खाली आला. "म्हणजे नेपच्यूनसारखा एखादा थोरला ग्रह या ताऱ्याच्या अगदी जवळून फिरत असेल, आणि निखाऱ्याच्या धगीनं त्याच्या अंगावरचा वायू उडून जात असेल."

राजीचे डोळे मोठे झाले. "तू ग्रह शोधलास?"

"असेल म्हटलं मी. आहे नाही म्हटलं." क्षितिजाने बोट उचलून दाखवलं. "आपल्या डोक्यावरची हवासुद्धा रात्री अगदी मंद चमकते. तिच्यातही ऑक्सिजन आहे. दुर्बीण ताऱ्याकडे बघते तेव्हा ती हवा मध्ये येतेच. तिचा उजेड आम्ही वजा करतो, पण कधी थोडा मागे राहतो आणि असली शिंगं काढून दाखवतो. फसायला होतं."

"मग ओळखायचं कसं?"

"एसटीच्या काचेवर चिखलाचा ठिपका असतो. गाडी चालली की बाहेरची झाडं सरकतात, पण ठिपका जागचा हलत नाही. बरोबर? पृथ्वी सूर्याभोवती फिरते, म्हणजे आपण सगळे एका मोठ्या एसटीतच बसलोय. हा वर्णपट घेतला तेव्हा आपली चाल एका दिशेला होती. आता काही महिने गेले, चाल बदलली. परत वर्णपट घेतला की ताऱ्याच्या खुणा थोड्या सरकायला हव्यात. किती सरकतील त्याचा हिशोब आधीच करता येतो. शिंगं तेवढी सरकली, तर ती ताऱ्याची. नाही सरकली, तर आपल्याच काचेवरचा चिखल."

पुढच्या रविवारी चिली देशातली दुर्बीण पुन्हा त्या ताऱ्याकडे वळणार होती. क्षितिजाच्या गटात तीन-चार देशांतली माणसं होती, आणि दुसरा वर्णपट बघितल्याशिवाय बाहेर अवाक्षर काढायचं नाही असं सगळ्यांचं ठरलं होतं.

"तुला सांगितलं, कारण तू विचारलंस," क्षितिजा म्हणाली. "पण कुणाला बोलायचं नाही. कळलं?"

"गळ्याशपथ," राजी म्हणाली, आणि तिने ते मनापासूनच म्हटलं.

पण आपल्या घरात एकमेकांपासून काही लपवायचं असतं, हे राजीला कुणी कधी शिकवलंच नव्हतं. एखादं मेंढरू लंगडलं तरी ते सगळ्या घराला ठाऊक असे. त्यामुळे दोन-तीन दिवसांनी आबा शेळ्यांना पाला घालत होते तेव्हा तिने आबांना सगळं सांगून टाकलं. आबा काही परके नव्हते.

म्हसूआबांनी पाल्याची डहाळी हातातच धरली. "म्हंजी आमच्या क्षितीनं तारा धरला?"

"तारा न्हाई आबा, ग्रह. नेपच्यूनएवढा."

"लई थोरला असतुया?"

"आपली पृथ्वी त्याच्यापुढं कायच न्हाई. पण अजून नक्की न्हाई हां. 'असेल' म्हणाली आत्या."

आबांना 'लई थोरला' इथपर्यंत नीट ऐकू आलं. पुढचं शेळीच्या ओरडण्यात गेलं.

लेकीने एवढं मोठं काम केलं आणि बापाने गप्प बसायचं? दुसऱ्या दिवशी आबा खिळे आणायला फाट्यावर किशोरच्या दुकानात गेले. किशोर तिथल्या जुन्या जमीनदार घरातला. सिमेंट, पत्रे, नळ असं सगळं तो विकायचा, आणि येत्या ग्रामपंचायतीला उभं राहायचं त्याच्या मनात होतं. खिळे मोजून होईपर्यंत आबांनी त्याला ग्रहाची बातमी सांगून टाकली होती.

आणि रविवार उजाडला.

राजी सकाळी साखर आणायला सायकलवरून फाट्यावर गेली आणि तिने ब्रेकच दाबला. दोन बांबूंच्या मध्ये, रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असा, भलाथोरला फ्लेक्स लागला होता. वर निळं आकाश, त्यात कड्यासकट शनी. 'आमच्या वस्तीची कन्या, थोर शास्त्रज्ञ कु. क्षितिजा हिने आकाशात नवीन ग्रह शोधून काढल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' एका कोपऱ्यात क्षितिजाचा दहावीतला, दोन वेण्यांचा फोटो. मधोमध तिच्या दुप्पट आकाराचा किशोर, डोळ्यांवर गॉगल, कानाला मोबाईल. आणि खाली शुभेच्छा देणाऱ्यांच्या बारीक चेहऱ्यांची रांग. त्या रांगेत पहिलेच आबा होते, पटका बांधून, जणू ग्रह त्यांनीच हाकत आणलाय.

राजीने सायकल तिथेच बांबूला टेकवली. ती तशीच दुकानात शिरली.

"किशोरकाका, तो फ्लेक्स काढा."

"का गं? आत्याचा फोटो बारीक आला व्हय? पुढच्या टायमाला मोठा टाकू."

"तसं न्हाई. ग्रह अजून नक्की न्हाई."

"आँ? म्हसूतात्या तर म्हनलं नेपच्यूनएवढा हाय. साईज कळली आन ग्रह नक्की न्हाई?" किशोरने गल्ल्यावरून चहाचा कप उचलला. "आत्याला सांग, घाबरू नको म्हनावं. समदं गाव तिच्या मागं हाय."

"काका, आज आत्याच्या मॅडम येणार हायेत जेवायला. ह्याच रस्त्यानं."

"मग तर झ्याकच! आपसूक स्वागत झालं की."

राजी साखर न घेताच बाहेर आली. सायकल हातात धरून ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली. मॅडम म्हणजे उत्कर्षा मॅडम, आत्याला शिकवणाऱ्या, तिच्या कामावर देखरेख करणाऱ्या. त्यांना काय वाटेल? तिच्या मनात आलं, गाडीतली माणसं कुठे एवढी वर बघतात? नसेल दिसला तर? आपण काही बोललोच नाही तर? मग तिने मान वर करून पुन्हा एकदा फ्लेक्सकडे बघितलं. एवढ्या मोठ्या शनीला चुकवून कुणी जाणं शक्य नव्हतं.

ती घरी आली तेव्हा क्षितिजा अंगणात मोबाईल उंच धरून रेंज शोधत होती. आपल्याकडे सकाळ झाली होती, पण चिलीत अजून रात्र होती आणि दुर्बीण आत्ता त्या ताऱ्याकडेच बघत होती. राजीने सायकल भिंतीला लावली आणि एका दमात सगळं सांगितलं. आबांना सांगितलं ते, आबांनी किशोरला सांगितलं ते, फ्लेक्सवरचा शनी, गॉगल, सगळं.

क्षितिजा ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. तिने मोबाईल खाली केला आणि गाडीची किल्ली घेतली. "बस मागं."

स्कूटर फाट्याच्या रस्त्याला लागली. मागून राजी म्हणाली, "आत्या, तू मला मार पाहिजे तर."

"मारल्यानं फ्लेक्स खाली येतो का?" मग वळण घेता घेता क्षितिजा म्हणाली, "शिंगं हवेची निघाली तर मला वाईट वाटेल, पण चालेल. पुन्हा काम करायचं. पण मॅडमना वाटेल, मी तपासायच्या आधीच गावभर मिरवलं. गटातल्या बाकीच्यांना कळलं तर पुढच्या वेळी दुर्बिणीतली माहिती माझ्या हातात कोण देईल, राजे?"

राजीने आत्याच्या ओढणीचं टोक घट्ट धरून ठेवलं.

किशोर दुकानाबाहेरच उभा होता. क्षितिजाला बघून त्याने दोन्ही हात जोडले. "या, या! शास्त्रज्ञ या!"

"किशोरदादा, एवढा उतरवा. पाया पडते."

"खोटं हाय का मग?"

"खरं का खोटं तेच आज कळणार आहे."

"मग इतकं दिस काय बगत हुता?"

"तेच बघत होतो."

किशोरने डोकं खाजवलं. त्याला क्षितिजाचं वाईट व्हावं असं मुळीच वाटत नव्हतं. त्याने तर आनंदानेच हे केलं होतं. पण त्याची अडचण वेगळी होती. "हे बग, फ्लेक्स चढवल्यावर असा उतरवत न्हाईत. विरोधी पार्टीवालं म्हनतील, किशोरला माघार घ्यायला लावली. निवडणूक हाय तोंडावर." त्याने वर बघितलं, खाली बघितलं, शेजारी उभ्या असलेल्या आपल्या टेम्पोकडे बघितलं. "उलटा केला तर चालंल का? पांढरी बाजू भाईर. नक्की झालं की सुलटा करू."

"चालेल! पळेल!" क्षितिजा म्हणाली.

किशोरने टेम्पो बांबूंच्या खाली आणला, चपला काढल्या आणि टपावर चढला. दोऱ्या सोडताना त्याचा गॉगल खाली पडला, तो राजीने झेलला. वाऱ्याने फ्लेक्स एकदा त्याच्याच अंगाभोवती गुंडाळला गेला आणि आतून 'आरं, आरं' असा आवाज आला. पण शेवटी पांढरी बाजू बाहेर आली, दोऱ्या पुन्हा बांधल्या गेल्या, आणि शनी, वेण्या, आबांचा पटका सगळं मागे गेलं. बांबूंच्या मध्ये आता नुसतं कोरं कापड. क्षितिजाने मोठा श्वास सोडला. राजीनेही तिच्या मागोमाग सोडला.

उत्कर्षा मॅडम आल्या तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. तानूबाईंनी मटणाचा रस्सा चुलीवर ठेवला होता आणि भाकरी थापायला घेतल्या होत्या. मॅडमनी हातपाय धुतले, तांब्याभर पाणी प्यायल्या आणि पडवीत बसत म्हणाल्या, "क्षितिजा, फाट्यावर एक पांढरा फ्लेक्स आहे."

आबा हळूच खांबाआड सरकले.

"मागून ऊन येत होतं, त्यामुळे आरपार दिसत होता. तुला दोन वेण्या छान दिसायच्या."

मुलांनो, बघा, एवढा उजेडाचा अभ्यास करणारी क्षितिजा, पण पातळ कापडातून ऊन पलीकडे येतं हे त्या गडबडीत तिच्याही लक्षात आलं नव्हतं.

क्षितिजाने तोंड उघडलं, पण तिच्या आधी राजी पुढे झाली. तिचे कान लाल झाले होते. "मॅडम, आत्यानं सांगितलं हुतं, कुणाला बोलायचं न्हाई म्हणून. मी आबांना सांगितलं. आत्याची काय चूक न्हाई."

"आन म्या किशोरला," आबा खांबाआडून म्हणाले. "पोरीला बोलू नका, म्याडम. माझंच त्वांड वढाळ. कितीबी बांधा, दुसऱ्याच्या रानात जातंयच."

"खिळं आनायला गेला आन ग्रह सांडून आला," चुलीपासून तानूबाई म्हणाल्या. "खिळं तर इसरलाच!"

मॅडमच्या चेहऱ्यावर आता हसू दिसायला लागलं होतं. "मी गाडी थांबवून सगळा वाचला. उलटं वाचायला वेळ लागला जरा. त्यावर शनी आहे. आपल्या ताऱ्याचं नाव नाही, वायूंची नावं नाहीत, दुर्बिणीचं नाव नाही. त्या फ्लेक्सवरून जगातल्या कुणालाही आपला तारा सापडायचा नाही. मला तर आधी वाटलं, ग्रह त्या गॉगलवाल्या गृहस्थांनीच शोधलाय. फोटो त्यांचाच मोठा आहे."

आधी आबा हसले, मग तानूबाई, आणि मग क्षितिजाला इतकं हसू फुटलं की तिला डोळे पुसावे लागले.

"पण उलटा कुणी केला?" मॅडमनी विचारलं.

"मीच करून घेतला. राजीनं सकाळी येऊन सांगितल्याबरोबर."

"कुणी विचारायच्या आधीच सांगितलं हिनं?"

"हो."

मॅडमनी राजीकडे बघून मान हलवली. "बरं झालं," एवढंच त्या म्हणाल्या. राजीचे कान हळूहळू पुन्हा आपल्या रंगावर आले.

तेवढ्यात मोबाईल वाजला. चिलीतल्या माणसाने दुसरा वर्णपट पाठवला होता. घरात फाइल उतरेल एवढी रेंज नव्हती, म्हणून सगळी वरात अंगणातल्या, जनावरांना पाणी पाजायच्या दगडी डोणीपाशी गेली; तिथे रेंज जरा बरी यायची. क्षितिजाने लॅपटॉप डोणीच्या काठावर ठेवला. एका करडाने येऊन चार्जरची वायर हुंगली, त्याला आबांनी बाजूला केलं.

राजी मात्र पडवीतच थांबली होती. तिला वाटलं, आता आपल्याला कोण दाखवणार? उलट आपण तिथे नसलेलंच बरं.

"राजे!" क्षितिजाने हाक मारली. "तिथं काय करतीस? ये हितं."

"मी आत आज्जीला भाकरी करू लागते की."

"भाकरी आज्जीला करता येतात. तू ये."

राजी धावतच गेली.

पडद्यावर क्षितिजाने जुनी रेघ निळी ठेवली आणि तिच्यावर नवी तांबडी रेघ आणली. मॅडमनी आधी एका वेगळ्याच टोकावर बोट ठेवलं. "ही आपल्या हवेची खूण, ओळखीची. निळी आणि तांबडी दोन्ही एकाच जागी. जागची हलली नाही. तशीच असायला हवी." मग बोट पुढे सरकलं. "आणि आता ही."

क्षितिजाने डोळे घट्ट मिटले. "राजे, तू बघ. आठवडाभर इतकं बघितलंय, की मला आता हवं तेच दिसेल."

राजी वाकली. निळी शिंगं होती तिथेच होती. तांबडी शिंगं त्यांच्यावर बसली नव्हती. तिने एकदा बघितलं, मान वाकडी करून पुन्हा बघितलं, आणि मग डाव्या शिंगापासून उजव्यापर्यंत बोट फिरवलं.

"सरकल्यात, आत्या. दोन्हीबी सरकल्यात. आन मधलं अंतर हाय तेवढंच हाय. आख्खी शेळीच सरकली."

क्षितिजाने डोळे उघडले. तिने आधीच मांडून ठेवलेला हिशोब काढला, शिंगं किती सरकली ते मोजलं, पुन्हा मोजलं. मॅडमनीही मोजलं. दोघींचं उत्तर हिशोबाशी जुळलं. क्षितिजा डोणीला टेकून खालीच बसली. नाचली नाही, ओरडली नाही. ओझं उतरवल्यावर माणूस बसतो तशी बसली, आणि तिने राजीला जवळ ओढून घेतलं.

"म्हंजी ग्रह घावला का न्हाई?" आबांना राहवेना.

"ग्रह अजून दिसलेला नाही, आबा," मॅडम म्हणाल्या. "पण त्याच्या अंगावरून उडालेला वायू त्या ताऱ्यापाशी आहे, हे आता पक्कं म्हणता येईल. तो आपल्या हवेचा नाही."

आबांनी विचार केला. "लेंड्या घावल्या, मेंढरू न्हाई."

"जेवायच्या टायमाला काय बोलतुया हा माणूस!" तानूबाई ओरडल्या.

"पण बरोबर बोलले," मॅडम हसत म्हणाल्या. मग त्या जरा गंभीर झाल्या. "आता हे सगळं नीट लिहायचं. दुसरी माणसं ते तपासतील, शंका काढतील. त्याला काही महिने जातील. तोपर्यंत ही गोष्ट या अंगणातच राहिली पाहिजे." असं म्हणून त्यांनी एकेकाकडे बघितलं. आबांनी पटक्याचं टोक तोंडावर धरून दाखवलं.

क्षितिजा राजीला तेव्हाच गंधकाची खूण दाखवत होती. ऑक्सिजनपेक्षा बुटकी, पण तिलाही दोन शिंगं होती. "ही अजून मी मॅडमनाही नीट दाखवली नाही," ती हळूच म्हणाली. राजीने पडद्याला नाक लावून ती खूण बघितली.

मग सगळे जेवायला बसले. उन्हाने अंगण तापलं होतं, पण पडवीत वारा होता. मॅडमना तिखट लागलं म्हणून तानूबाईंनी त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. क्षितिजा अशी जेवत होती, जणू आठवडाभर तिने अन्न बघितलंच नव्हतं.

पहिली वाढ संपते न संपते तोच मोटारसायकलचा आवाज आला. किशोर होता. गॉगल पुन्हा डोळ्यांवर होता, फक्त एका काडीला चिकटपट्टी लावलेली.

"रामराम म्याडम! म्हनलं इचारून यावं. आज कळनार हुतं म्हनं. काय झालं? सुलटा करू का फ्लेक्स?"

"अजून बरंच तपासायचंय," मॅडम म्हणाल्या. ते खोटं नव्हतं.

किशोर तेवढ्याने जाणारा नव्हता. त्याने क्षितिजाकडे बघितलं, ती रस्सा ओरपत होती. आबांकडे बघितलं, तर आबांना एकाएकी ठसका लागला आणि ते पाणी प्यायला वळले. मग किशोर राजीच्या समोर उकिडवा बसला, गॉगल कपाळावर सरकवला आणि गोड आवाजात म्हणाला, "राजे, तू आपली हायेस. तुला समदं ठाऊक असतंय. नुसतं व्हय का न्हाई, एवढंच सांग. म्या कुणाला बोलनार न्हाई. गळ्याशपथ."

मॅडमचा आणि तानूबाईंचा घास हातातच राहिला. राजीच्या ओठांपर्यंत ते आलं होतं, अगदी दातांच्या मागेच उभं होतं. दोन शिंगं, तांबडी रेघ, सरकलेली शेळी, सगळं. तिने किशोरकाकांकडे बघितलं, मग आत्याकडे बघितलं. आत्या तिच्याकडे बघतच नव्हती. ती निवांतपणे हाडूक चोखत होती.

राजीने ताटातली अर्धी भाकरी उचलली, रश्शात बुडवली, आणि तेवढी सगळी एकाच वेळी तोंडात कोंबली. मग फुगलेल्या गालांकडे बोट दाखवून तिने किशोरकाकांना हाताने खूण केली, की थांबा, तोंडात घास आहे, आणि अगदी सावकाश चावायला लागली.